ओसरीवरून : त्र्याऐंशी मिनिटांचें एक गाणें

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत कोणत्या वेळीं कोणत्या खोलींतून कोणता आवाज यावा ह्याचे कांहीं अलिखित नियम ठरून गेलेले असतात. आमच्या घरीं पहाटे थोरल्या बंधूंचें विष्णुसहस्रनाम, मग स्वयंपाकघरांतील कुकरच्या शिट्या, दुपारीं माजघरांतील घोरणें आणि दिवेलागणीनंतर टीव्हीवरील बातम्या, असा क्रम वर्षानुवर्षें चालत आला आहे. ह्या क्रमांत गेल्या भाद्रपदापासून मोठाच खंड पडला. माडीवरच्या कोपऱ्यांतील खोलींतून ऐन तिन्हीसांजेला असा कांहीं आवाज येऊं लागला कीं, कोणी तरी एक अवजड लोखंडी कपाट फरशीवरून ओढीत आहे, आणि ओढतां ओढतां मधेंच थांबून, पुढें ओढावें कीं नाहीं ह्याचा विचार करीत आहे, असें खालीं बसणाऱ्यास वाटावें. मधून मधून त्या कपाटाखालीं सांपडलेल्या मनुष्याचा आक्रोशहि ऐकूं येई.

त्या खोलींत माझ्या पुतण्याचा मुलगा राहतो. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहे. स्वभावानें गरीब, बोलण्यांत अल्पाक्षरी. वहिनींनीं चार दिवस सोसलें आणि पांचव्या दिवशीं त्या माझ्यापुढें येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, तुम्हीं जन्मभर लोकांचीं मुलें वळणावर आणलींत, आतां घरचें एक आणा. दिव्याच्या वेळीं घरांत हें असलें रडगाणें नको." सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, परंतु त्यांच्या चेहऱ्यावर रागापेक्षां काळजी अधिक दिसली. मी जिना चढलों तो वहिनींच्या शब्दामुळें नव्हे, त्या चेहऱ्यामुळें चढलों.

"अरे, ह्याला संगीत म्हणतात?" असा माझा पहिला प्रश्न. तो उठून उभा राहिला, यंत्र बंद केलें आणि शांतपणें म्हणाला, "अण्णाआजोबा, तुम्हीं ह्यांतलें किती ऐकलेंत?"

"जिन्याच्या पायरीपासून इथपर्यंत."

"म्हणजे दोन मिनिटें. हें एकच गाणें त्र्याऐंशी मिनिटांचें आहे."

वाचकहो, मी निरुत्तर झालों. बाणभट्टाच्या कादंबरीचें पहिलें वाक्य अर्ध्यावर टाकून 'कंटाळवाणें आहे' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना, 'वाक्य संपेपर्यंत तरी दम धरा' असें सांगण्यांत माझी चौतीस वर्षें गेलीं. माझेंच शस्त्र त्यानें माझ्यावर चालविलें. मीं त्याला म्हटलें, "ठीक. परंतु शेवटचा अध्याय आधीं वाचण्याची माझी पद्धति नाहीं. हें कोठून निघालें तेथून सांग." तेव्हांपासून सलग चार शनिवार, संध्याकाळचा चहा झाल्यावर, मी त्याच्या खोलींत शिष्य म्हणून बसलों. त्या चार शनिवारांची ही हकीकत आहे.

ह्या संगीतास तिकडे 'डूम' म्हणतात. डूम म्हणजे अटळ विनाश, कपाळीं लिहिलेला काळ. त्याचा उगम इंग्लंडांतील बर्मिंगहॅम ह्या कारखान्यांच्या शहरीं आहे. तेथें टोनी आयोमी नांवाचा एक मुलगा पत्र्याच्या कारखान्यांत कामाला होता. वादक म्हणून बाहेर पडावयाचें ठरवून त्यानें नोकरी सोडली होती आणि तो त्याचा कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारीं जेवावयास घरीं आला तेव्हां परत जाण्याचा त्याचा विचार नव्हता. परंतु आईनें सांगितलें कीं, घेतलेलें काम पुरें करून ये. तो गेला, आणि यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. वय सतरा. तो डावखुरा असल्यामुळें तारा दाबावयाचा हात उजवाच. (ही गोष्ट ऐकतांना आईनें सांगितलें तें चूक कीं बरोबर, ह्याचा निर्णय मला करतां आला नाहीं. मी असतों तर तेंच सांगितलें असतें.)

त्याच्या वरिष्ठानें त्याला जँगो राइनहार्ट ह्या वादकाची तबकडी आणून ऐकविली. राइनहार्टचीहि दोन बोटें आगींत निकामी झालेलीं होतीं. मुलानें प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठीं टोपणें केलीं, त्यांवर चामडें लावलें आणि पुन्हां गिटार हातीं घेतली. तारा दाबतांना दुखे, म्हणून त्यानें हलक्या तारा लावल्या. पुढें १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' ह्या अल्बमाच्या वेळीं त्या तारा तीन अर्धस्वरांनीं उतरवून सैल केल्या. तार सैल झाली कीं स्वर खालीं जातो, खर्जाकडे सरकतो, आणि नादाला एक प्रकारचें ओझें येतें. ज्याला आज लोक ह्या संगीताचें वैशिष्ट्य म्हणून वाखाणतात, त्याच्या मुळाशीं एका कामगाराच्या दुखऱ्या बोटांची सोय आहे.

त्याच्या मंडळीचें नांव 'ब्लॅक सॅबथ'. त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजीं प्रसिद्ध झाला. त्यांतील पहिलें गाणें पाऊस आणि देवळाची घंटा ह्यांनीं सुरू होतें, आणि मग तीन स्वर येतात : षड्ज, वरचा षड्ज, आणि तेथून खालीं तीव्र मध्यम. बस्स, एवढेंच, पुन्हां पुन्हां आणि सावकाश. षड्ज व तीव्र मध्यम ह्यांमधील ह्या अंतराला युरोपांतील जुन्या शास्त्रकारांनीं 'संगीतांतील सैतान' असें नांव ठेवलेलें होतें. मीं नातवाला विचारलें, "यमनांत हाच मध्यम असतो. मारव्यांतहि असतो. आमच्याकडे त्याला कोणीं सैतान म्हटल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं." तो म्हणाला, "पण मारवा ऐकून तुम्हीच म्हणतां ना कीं दिवस बुडतांना पोटांत कालवतें?" मुलाला उत्तरें सुचतात, हें मीं मनांत नोंदविलें.

येथेंच एक गोष्ट कळली, ती मी संस्कृताच्या अभिमानानें सांगतों. हे तीन स्वर आयोमीस सुचले त्याच्या आदल्या दिवशीं त्यांचा खर्जवादक गीझर बटलर हा गुस्ताव्ह होल्स्ट ह्या इंग्रज संगीतकाराच्या ग्रहमालिकेंतील 'मंगळ' वाजवून पाहत होता, असें त्या मंडळींनींच सांगितलें आहे. हा होल्स्ट म्हणजे लंडनला संस्कृत शिकून ऋग्वेदांतील सूक्तें स्वतः इंग्रजींत आणणारा आणि त्यांना चाली लावणारा गृहस्थ! महाभारतांतील सावित्रीच्या आख्यानावर त्यानें एक छोटें संगीत-नाटक रचलें. त्याचा लंडनला पहिला प्रयोग १९१६ सालीं झाला. यमाच्या मागें चालत जाणाऱ्या सावित्रीला चाल देणाऱ्या मनुष्यापासून ह्या मृत्यूच्या संगीताला अशी एक लांबची वाट येते, हें कळल्यावर वहिनींना सांगावयास मला कांहीं तरी सांपडलें.

पुढील दहापंधरा वर्षांत ह्या जातीच्या संगीतांत वेगाची चढाओढ लागली. जो तो अधिक द्रुत. तेव्हां कांहीं थोड्या लोकांनीं उलट दिशा धरली. लॉस एंजेलिसकडील 'ब्लॅक फ्लॅग' हे अतिवेगासाठीं प्रसिद्ध. त्यांनीं १९८४ सालच्या 'माय वॉर' ह्या अल्बमाच्या दुसऱ्या बाजूस तीनच गाणीं घातलीं, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर आणि सर्व रखडत चालणारीं. त्यांच्या चाहत्यांपैकीं पुष्कळ जण चिडले. परंतु वॉशिंग्टन राज्यांतील लाकूडतोड्यांच्या मुलखांतून आलेल्या 'मेल्विन्स' ह्या मंडळीनें तोच धागा उचलला. त्यांचा पहिला मोठा अल्बम १९८७ चा. न्यू ऑर्लिन्स शहरीं 'आय हेट गॉड' ही मंडळी १९८८ सालीं निघाली. (नांव ऐकून मीं कानांवर हात ठेवले. वहिनींना मीं तें अद्याप सांगितलेलें नाहीं.) ह्या सर्वांच्या संगीतास 'स्लज' म्हणतात, म्हणजे गाळ.

आतां गाळ म्हणजे काय हें आम्हां सांगलीकरांस कोणी शिकवावयास नको. २०१९ च्या श्रावणांत कृष्णामाईचें पाणी उतरल्यावर घराघरांत जो राहिला, तो ज्यानें फावड्यानें ओढला आहे त्याला ठाऊक आहे. पाण्याला वेग असतो, तें येतें आणि जातें. गाळाला वेग नसतो. तो नुसता असतो. पाय उचलावा तर चप्पल त्यांत राहते. ही उपमा मीं नातवाला सांगितली तेव्हां तो प्रथमच मनापासून हंसला आणि म्हणाला, "अगदीं हेंच."

तरीहि ह्या शुद्ध गाळाची मला गोडी लागली नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. त्यांत शिव्याशाप फार, आणि गायकाचा स्वर असा कीं त्याला आधीं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या द्याव्यात. माझें मन वळलें तें तिसऱ्या शनिवारीं, जेव्हां ह्या गाळाला आकाश मिळालेले अल्बम आले. ह्या प्रकाराला ते 'वातावरणाचें' संगीत म्हणतात, आणि नांव बरें आहे. कॅलिफोर्नियांतील ओकलंडची 'न्यूरोसिस' ही मंडळी १९८५ सालीं धांवत्या संगीतानें सुरू झाली. नव्वदीच्या दशकांत ती मंदावत, पसरत गेली. 'थ्रू सिल्व्हर इन ब्लड' हा त्यांचा १९९६ चा अल्बम म्हणजे भूकंपाच्या आधीं जमिनीखालीं होणारी घरघर. तो मला सोसला नाहीं. अर्ध्यावर मीं पाणी मागितलें. परंतु त्यांतील एक गायक-वादक स्टीव्ह व्हॉन टिल ह्यानें आयडाहो राज्यांत प्राथमिक शाळेंत मुलांना शिकविलें आहे, हें ऐकल्यावर मी सांवरून बसलों. दिवसभर वर्गांत मुलांचा गलका सोसणाऱ्या मनुष्याच्या आंत काय काय सांठत असेल, हें मला वेगळें समजावयास नको.

ह्याच मंडळीनें १९९९ सालीं 'टाइम्स ऑफ ग्रेस' हा अल्बम काढला, आणि पुढें निराळें नांव घेऊन 'ग्रेस' नांवाचा त्याचा जोडीदार काढला. दोन यंत्रांवर दोन्ही एकाच वेळीं लावून ऐकावयाचे, अशी ती योजना. आम्हीं प्रयत्न केला. परंतु दोन यंत्रें एकाच क्षणीं सुरू करावयास दोन शांत मनुष्यें लागतात, आणि ऐन वेळीं खालून दादांनीं चष्म्यासाठीं हांक मारली.

बोस्टनच्या 'आयसिस' ह्या मंडळीचा 'ओशनिक' हा २००२ चा अल्बम मात्र मला खरोखरच आवडला. (आयसिस ही मिसर देशांतील प्राचीन देवता, मंडळी २०१० सालीं विसर्जित झाली.) त्यांतील 'वेट' हें गाणें सुमारें अकरा मिनिटांचें आहे. प्रथम कांहींच होत नाहीं. दोनचार स्वर आळोखेपिळोखे देतात, मग एका स्त्रीचा आवाज येतो, दूरवरून, शब्द नीट न कळतील असा. आणि आपल्या नकळत पाणी गळ्यापर्यंत चढलेलें असतें. विलंबित ख्यालांत गवई पहिला अर्धा तास मंद्रांतून हलत नाहीं, आणि मग तार षड्ज लागतो तेव्हां तो नुसता एक स्वर राहत नाहीं, अर्ध्या तासाचें फळ म्हणून येतो. तोच न्याय येथें आहे. मोठा आवाज मोठा वाटतो तो त्याच्या आधीं सांभाळलेल्या शांततेमुळें. ज्यांना हें गाणें नुसता गोंगाट वाटतो ते बहुधा, माझ्यासारखेच, जिन्यांत उभे राहून ऐकत असतात.

त्या घरघरीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण ती मुद्दाम केलेली असते. ध्वनिवर्धकाला त्याच्या शक्तीबाहेर ध्वनि दिला कीं त्याच्या लहरींचे शेंडे छाटले जातात, आणि त्या छाटण्यांतून मूळ स्वराचे अनेक वरचे अनुनाद उत्पन्न होतात. हें नातू मला कागदावर काढून दाखवूं लागला, तेव्हां मीं त्याला कोपऱ्यांतील तंबोरा काढावयास सांगितला. हा तंबोरा मिरजेचा. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ सालीं सरकारनें भौगोलिक मानांकनहि दिलें. त्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा दोरा असतो, त्याला आपण जव्हारी लावणें म्हणतों. दोरा नसेल तर तार टण्ण वाजून मरते. दोरा नेमक्या जागीं सरकला कीं तार घोडीच्या पाठीवर घासत राहते आणि एका स्वरांतून दहा स्वर उमलतात. शेंडे छाटणें आणि तार घासणें ह्या क्रिया वेगळ्या, परंतु फळ एकाच जातीचें. शिवाय ती घरघर चढविल्यावर गिटारीवर वाटेल ते स्वर जोडीनें वाजवितां येत नाहींत, कालवाकालव होते. षड्ज आणि पंचम ही जोडी मात्र स्वच्छ राहते, म्हणून हे वादक मुख्यतः तीच वाजवितात. षड्ज-पंचम! तंबोरा दुसरें काय बोलतो?

हा योगायोग आहे असें मी समजत होतों. परंतु एके ठिकाणीं खरोखरीचा दुवा निघाला. किराणा घराण्याचें नांव मिरजेच्या आसपास राहणाऱ्यास सांगावें लागत नाहीं. अब्दुल करीमखाँसाहेब मिरजेंतच राहिले. त्याच घराण्यांतील दुसरे मोठे गवई अब्दुल वहीदखाँ ह्यांनीं विलंबिताची लय आणखी संथ केली. त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० सालीं न्यूयॉर्कला गेले, आणि तेथील ला माँट यंग व टेरी रायली हे दोघे संगीतकार त्यांचे शिष्य झाले. यंग ह्यांच्या, तासन्‌तास एकच स्वर धरून ठेवणाऱ्या रचनांचा परिणाम आपल्यावर झाल्याचें डिलन कार्लसन ह्या गिटारवादकानें सांगितलें आहे. त्याच्या 'अर्थ' ह्या मंडळीचा १९९३ चा अल्बम सत्तर मिनिटांहून मोठा आहे आणि त्यांत तीनच रचना आहेत. तालवाद्य जवळजवळ नाहींच. डूमच्या वृक्षाची ही शाखा केवळ खर्जाच्या घोषाची. ऐकून मला झोंप लागली. परंतु ती गाढ आणि समाधानाची झोंप होती, हें त्या रचनेच्या बाजूनें लिहून ठेवतों.

आतां चौथा शनिवार.

त्या त्र्याऐंशी मिनिटांच्या गाण्याचें नांव 'मिरर रीपर'. रीपर म्हणजे कापणी करणारा, हातीं विळा घेतलेला काळपुरुष. सिॲटल शहरची 'बेल विच' ही दोघांचीच मंडळी : डिलन डेझमंड खर्जाची सहा तारांची गिटार वाजवितो, आणि दुसरा तालवाद्य. साधी गिटार त्यांच्यांत नाहींच. तालवाद्य वाजविणारा एड्रियन ग्वेरा मंडळींतून बाहेर पडला आणि मे २०१६ मध्यें वारला. हा अल्बम ऑक्टोबर २०१७ चा. ग्वेराच्या जागीं आलेला जेसी श्रायबमन ह्यांत ताल आणि ऑर्गन वाजवितो. संपूर्ण अल्बम म्हणजे हें एकच गाणें. दोन बाजूंचे दोन भाग, 'जसें वर' आणि 'तसें खालीं', आरशांतील बिंब-प्रतिबिंबासारखे.

त्याची लय मीं आजपर्यंत ऐकलेल्या कोणत्याहि लयीपेक्षां संथ होती. इंदूरच्या अमीरखाँसाहेबांचा झुमरा मीं ऐकला आहे. त्यांतहि मात्रा मोजतां मोजतां मनुष्य समेवर येतो. येथें एका आघातापासून दुसऱ्या आघातापर्यंत श्वास पुरा घेऊन पुरा सोडतां येतो, आणि तरीहि दुसरा आघात आलेला नसतो. पहिलीं वीस मिनिटें मला असह्य झालें. मीं घड्याळ पाहिलें, पाय चोळले, कपाटांतील पुस्तकांचीं नांवें वाचलीं. मग केव्हां तरी मीं वाट पाहणें सोडून दिलें. स्वर येत राहिले.

सुमारें मध्यावर सगळें विरळ झालें आणि एक आवाज वर आला. नातू म्हणाला, "हा एड्रियनचा." मला प्रथम अर्थबोध झाला नाहीं. मग त्यानें सांगितलें कीं, आधींच्या अल्बमाच्या वेळीं ग्वेरानें गायिलेला आणि वापरावयाचा राहिलेला कांहीं भाग शिल्लक होता. मित्रांनीं तो टाकला नाहीं. त्या भागाच्या भोंवतीं जागा करून तो ह्या गाण्याच्या मध्यभागीं ठेवला.

नातू पुढें कांहीं बोलला नाहीं, मीहि बोललों नाहीं. परंतु येथें मला वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मीं आतांपर्यंत सांगितली नाहीं. गेल्या आषाढांत ह्या मुलाचा एक मित्र मोटारसायकलच्या अपघातांत गेला. पहिलीपासूनचा वर्गमित्र, आमच्या ओसरीवर वाढलेला. मुलाची परीक्षा आठ दिवसांवर होती. तिसऱ्या दिवशीं घरांतील वडील माणूस म्हणून मीं त्याला जवळ बसविलें, गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील जन्ममरणाचा श्लोक सांगितला, अर्थ सांगितला, आणि 'आतां अभ्यासाला लाग' म्हटलें. त्यानें मान हलविली. परीक्षा दिली, उत्तीर्ण झाला. आम्हां सर्वांस वाटलें कीं, मुलगा शहाणा, सांवरला.

सहाध्यायी निवर्तल्यास एक दिवसाचें अशौच पाळावें, असें मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत सांगितलें आहे. मीं हें शिकलेलों आहें. आणि तरीहि त्या वेळीं मला तें आठवलें नाहीं. मित्राचें सुतक आतां कोणी पाळीत नाहीं. चुलत-चुलत काकांचें दहा दिवस पाळतों. वर्षानुवर्षें एका बांकावर बसलेल्या मित्राचा एक दिवसहि नाहीं. स्मृतिकारानें निदान एक दिवस दिला होता. आम्हीं त्या मुलाला अर्ध्या तासांत श्लोक दिला.

श्लोकांत चूक नव्हती. परंतु तो मीं फार लवकर सांगितला. रणांगणावर अर्जुनाला तो सांगण्यापूर्वीं भगवंतांनीं त्याचें सारें रडगाणें ऐकून घेतलें होतें. एक सबंध अध्याय त्यांत खर्च झाला आहे. मीं पहिला अध्याय गाळून दुसराच शिकविला.

गाणें संपलें तेव्हां बाहेर पुरता काळोख झाला होता आणि दिवा लावावयाचें दोघांच्याहि लक्षांत आलें नव्हतें. मुलानें आपला मोबाइल काढला. त्यांत त्या मित्राचे पाठविलेले आवाजी निरोप होते. आषाढापासून त्यानें ते उघडले नव्हते, आणि पुसलेहि नव्हते. त्यांतील शेवटचा त्यानें मला ऐकविला. "अरे, उद्यां येतांना माझी ड्रॉइंग शीट घेऊन ये, विसरूं नकोस, मागच्या वेळीं विसरलास." सारा निरोप एवढाच. मुलगा म्हणाला, "अण्णाआजोबा, शीट अजून इथेंच आहे." आणि मग तो रडला. बराच वेळ रडला. मीं ह्या वेळीं श्लोक सांगितला नाहीं.

आतां गृहस्थाश्रमी वाचकांच्या दोन रास्त शंका. ह्या संगीतांत व्यसनांचा गौरव असतो का? कांहींत असतो. 'स्लीप' ह्या मंडळीचें सुमारें त्रेसष्ट मिनिटांचें 'डोपस्मोकर' हें गाणें उघडपणें गांजाच्या स्तुतीचें आहे. १९९६ सालीं ध्वनिमुद्रित होऊनहि त्यांच्या कंपनीनें तें छापलें नाहीं, आणि पुढें तें इतर मार्गांनीं बाहेर आलें. मीं मुलाला सरळ विचारलें, त्यानें सरळ उत्तर दिलें. उत्तर समाधानकारक होतें. दुसरी शंका कानांची. हें संगीत मोठ्या आवाजांत ऐकण्यासाठींच रचलेलें आहे आणि कान एकदां बिघडले कीं परत मिळत नाहींत. म्हणून कानांत घालावयाचीं यंत्रें बंद आणि भिंतीवरच्या पेट्यांचा आवाज मर्यादेंत, असा करार झाला आहे. आणखी एक गोष्ट सूनबाईंच्या आग्रहानें केली. मुलाला जेवण जात नव्हतें, रात्रीं झोंप नव्हती. म्हणून मनोविकारांच्या डॉक्टरांकडे तो स्वतःच्या पायांनीं दोनदां जाऊन आला. गाण्याला जें साधतें तें गाण्यानें करावें, बाकीचें डॉक्टरांनीं. ह्यांत लाजण्यासारखें कांहीं आहे असें दादांनाहि आतां वाटत नाहीं, आणि दादांना न वाटणें ही आमच्या घरांत मोठी गोष्ट आहे.

वहिनींचा रुकार अद्याप पुरता मिळालेला नाहीं. होल्स्ट आणि सावित्रीची कथा त्यांनीं लक्षपूर्वक ऐकली, आणि 'मग त्याची सावित्रीच कां नाहीं लावीत?' असें विचारलें. त्यांची अट एवढीच कीं, दिवा लावून शुभंकरोति होईपर्यंत माडीवर शांतता. ती आम्हीं मान्य केली आहे. येत्या शनिवारीं न्यूरोसिसच्या त्या दोन जोड-अल्बमांचा प्रयोग पुन्हां करावयाचा बेत आहे. एक यंत्र त्याच्या हातीं, दुसरें माझ्या. आणि दादांचा चष्मा आधींच शोधून त्यांच्या हातांत द्यावयाचें काम सूनबाईंनीं पत्करलें आहे.